सरंजाम, सनद आणि मौन : नगरहवेलीच्या वादाचें एक परीक्षण

(१) विषयप्रवेश

दमणाच्या पूर्वेस असलेल्या दादरा व नगरहवेली या दोन लहान मुलुखांसंबंधानें पोर्तुगाल व हिंदुस्थान यांच्यामध्यें जो वाद उद्भवला, त्याचा निर्णय हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ता. १२ एप्रिल १९६० रोजीं दिला. वाद वरवर पाहतां वाटेचा होता. दमणाच्या किनाऱ्यावरून या मुलुखांत जाण्यायेण्याचा आपला हक्क हिंदुस्थानानें अडविला, अशी फिर्याद पोर्तुगालनें ता. २२ डिसेंबर १९५५ रोजीं दाखल केली. परंतु वाट मागणाराचें घर कोणाचें, हें ठरल्यावांचून वाट ठरत नाहीं. आणि घर कोणाचें हें पाहण्यासाठीं न्यायालयास पुणें दरबाराचा १७७९ चा करार व त्यास अनुसरून झालेल्या १७८३ आणि १७८५ सालच्या दोन सनदा उलगडाव्या लागल्या. पेशव्यांच्या दफ्तरांतील एका महसुली शब्दाच्या अर्थावर पंधरा न्यायाधीशांनीं युरोपांत बसून खल करावा, असा प्रसंग विरळा.

या निर्णयाविषयीं आपल्या मंडळींत दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. कोणी अभिमानानें म्हणतात कीं, मराठी कागदानें खटला जिंकला. कोणी उलट म्हणतात कीं, कागदाचा कांहीं उपयोग झाला नाहीं, निकाल वहिवाटीवर लागला. निर्णयपत्र मुळांतून वाचल्यावर माझें मत असें झालें आहे कीं, हे दोन्ही पक्ष अर्ध्या सत्यावर उभे आहेत. सनदेचा अर्थ न्यायालयानें आपल्या बाजूनें लावला, हें खरें. परंतु त्या अर्थाचें फळ सनद देणाराच्या वारसांस मिळालें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. दिलें काय, हें कागदानें सांगितलें. दिलेल्याचें पुढें काय झालें, हें मौनानें ठरविलें. या दोन गोष्टींचा संबंध नीट न लावल्यामुळें आपण या निर्णयापासून घ्यावयाचा तो धडा घेतलेला नाहीं. तो दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२) करार व सनदा

१७७९ सालची परिस्थिति वाचकांस परिचित आहे. त्या वर्षाच्या आरंभीं वडगांवास इंग्रजांचा मोड झाला होता, तरी युद्ध संपलें नव्हतें. तें पुढें १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललें. सवाई माधवराव पांच वर्षांचे. कारभार नाना फडणिसांच्या हातीं. अशा वेळीं किनाऱ्यावरील तिसरी सत्ता जे फिरंगी, ते इंग्रजांस मिळूं नयेत, हा पुणें दरबाराचा हेतु स्वाभाविक होता. १७३९ त वसई गेल्यापासून उत्तरेकडे फिरंग्यांपाशीं दमण व दीव एवढेंच उरलें होतें. त्यांनाहि दमणाच्या पाठीशीं कांहीं उत्पन्नाची जागा हवी होती. मैत्रीचा करार झाला. त्याच्या सतराव्या कलमांत दमणच्या बाजूस सालीना बारा हजार रुपये उत्पन्नाचे गांव नेमून देण्याचें ठरलें. हें वचन १७८३ व १७८५ च्या सनदांनीं पुरें झालें.

येथें एक गोष्ट आरंभींच लक्षांत ठेवावी. कलमांत जें दिलें आहे, त्याचें माप रुपयांत आहे. अमुक नदीपासून अमुक डोंगरापर्यंतचा मुलूख दिला, असें माप नाहीं. बारा हजारांचें उत्पन्न हें माप आहे, आणि गांव हे तें उत्पन्न पुरें करण्याचें साधन आहेत. राज्य तोडून देणारा सीमा मोजतो. उत्पन्न नेमून देणारा बेरीज मोजतो. दफ्तरांतील ज्या मंडळींनीं सरंजामाच्या याद्या पाहिल्या आहेत, त्यांस हा भेद सांगण्याची गरज नाहीं.

(३) पाठांचा प्रश्न

न्यायालयापुढें या कराराचे एकाहून अधिक पाठ आले, आणि ते परस्परांशीं जुळत नव्हते. उभय पक्षांनीं प्रमाण मानलेला, दोघांच्या किंवा त्यांच्या अधिकृत वकिलांच्या साक्षीचा असा एकहि पाठ नव्हता. हिंदुस्थानच्या बाजूनें यावरून असा आक्षेप घेण्यांत आला कीं, करार विधिपूर्वक झालाच नाहीं. तो मराठ्यांस बंधनकारक नव्हता.

न्यायालयानें हा आक्षेप फेटाळला. अठराव्या शतकाच्या अखेरच्या पादांत या देशांत जे करार झाले, त्यांची परीक्षा नंतर हळूहळू रूढ झालेल्या रीतींवरून करूं नये. शिवाय मराठ्यांनीं स्वतः हा करार खरा मानला, त्याची अंमलबजावणी केली, व पुढील कागदांत, अगदीं त्या दोन सनदांतसुद्धां, त्याचा उल्लेख केला. असें त्याचें म्हणणें. माझ्या मतें येथें न्यायालय बरोबर होतें व आपला पक्ष चुकला. ज्या सनदांच्या आधारें 'आम्हीं राज्य दिलें नाहीं, सरंजाम दिला' असें सांगावयाचें, त्याच सनदा ज्या कराराची साक्ष देतात तो करारच झाला नाहीं असें म्हणणें, म्हणजे ज्या फांदीवर बसावयाचें तीच तोडणें होय. वकील अनेक पक्ष पर्यायानें मांडतात, हें मी जाणतों; परंतु आपण संशोधकांनीं वकिली पक्षाला इतिहास समजूं नये.

पाठभेदांविषयीं मात्र न्यायालयानें जें केलें, तें आपल्या शास्त्राच्या दृष्टीनें अधिक विचार करण्यासारखें आहे. कोणता पाठ मूळ, कोणता भ्रष्ट, याचा निवाडा त्यानें केला नाहीं. त्याऐवजीं सतराव्या कलमाचे जे जे पाठ पुढें आले, ते सर्व तपासून, त्यांपैकीं कोणत्याहि पाठाच्या भाषेंत सार्वभौमत्व देण्याचा हेतु दिसत नाहीं, असें ठरविलें. जेथें मूळ प्रत हातीं नाहीं व प्रतींत भेद आहेत, तेथें सर्व प्रती ज्या गोष्टीस बाध आणीत नाहींत तेवढीच गोष्ट ग्राह्य धरावी, हा पाठचिकित्सेचा मार्ग सुरक्षित आहे. त्यानें सर्व शंका मिटत नाहींत. परंतु चुकीच्या पाठावर इमारत उभी राहण्याचें भय टळतें.

(४) 'सरंजाम' या शब्दाची किंमत

आतां मुख्य शब्दाकडे वळूं. येथें मला माझ्या स्वतःच्या एका चुकीची आठवण होते, ती सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. शिक्षकाच्या नोकरीच्या आरंभीं एका खेड्यांतील घराण्याचा रुमाल मजकडे वाचावयास आला. मोडी मला येत होती. कागदांतील शब्द मात्र मी संस्कृताच्या अभिमानानें वाचीत असें. एका सनदेंत 'सरंजामास दिला' असें होतें. त्याचा सारांश मीं बाळबोधींत 'गांव बक्षीस दिला' असा लिहून दिला. त्या घरचे एक वृद्ध कारकून जवळ बसले होते. ते हंसून म्हणाले, "मास्तर, बक्षीस दिलेलें कोणी परत मागत नाहीं, सरंजाम मागतात." पुढें चाळीस वर्षांत सरंजामावर मीं जें जें वाचलें, त्यानें या एका वाक्यांत फारशी भर पडली नाहीं.

सरंजाम हा चाकरीसाठीं, फौजेच्या खर्चासाठीं किंवा इतमामासाठीं नेमून दिलेला महसूल. तो सरकारच्या मर्जीवर चालतो. सरंजामदार वारला म्हणजे वारसाच्या नांवें नव्यानें सनद व्हावी लागते. कसूर झाली तर जप्ति येते. इनामाची गोष्ट निराळी. तेथें वंशपरंपरेची भाषा येते, कुलबाब कुलकानू येते, पाणी, झाडें, गवत, लांकूड, दगड यांपासून भूमिगत ठेव्यापर्यंत सर्व कांहीं मोजून दिलें जातें. तथापि इनामानेंहि राज्य जात नाहीं. इनामाहून हलका जो सरंजाम, त्यानें राज्य गेलें, असें म्हणणाराला आधार फार बळकट दाखवावा लागेल.

न्यायालयानें नेमकें हेंच म्हटलें. मराठ्यांना जेथें राज्य तोडून द्यावयाचें होतें, तेथें त्यांच्या करारांत कायमचें व सार्वभौमत्वासह दिल्याचे स्पष्ट शब्द येतात. असे करार न्यायालयापुढें होते. येथें तसे शब्द नाहींत. उलट सनदांत व त्यांच्या जोडीच्या कागदांत जहागीर किंवा सरंजाम, सालीना बारा हजारांचा, असे शब्द आहेत. अशा देणगीनें मुलूख कायमचा तुटला, असें मानल्याचा एकहि दाखला पोर्तुगालला आणतां आला नाहीं.

पोर्तुगालनें एक युक्तिवाद चतुराईचा केला. त्या गांवांत बंडाळी झाल्यास ती मोडण्याचा अधिकार फिरंग्यांस दिला होता; बंड मोडणें हें राजाचें काम; तस्मात् राज्य दिलें. न्यायालयाचें उत्तर याहून सुंदर आहे. राज्यच दिलें असतें, तर आपल्याच राज्यांतील बंड मोडण्याची परवानगी घेणाराला देण्याचें कारण काय? आमच्या मीमांसकांचा नियम हाच आहे: जें आधींच प्राप्त आहे, त्याविषयीं विधि होत नाहीं, विधि झाला, त्या अर्थीं तें अप्राप्त होतें. जैमिनीचें नांवहि न ऐकलेल्या न्यायासनानें जैमिनीच्याच पद्धतीनें वाक्यार्थ लावला, हें पाहून मला समाधान वाटलें. वाक्यार्थाचे नियम देशोदेशीं फारसे भिन्न नाहींत, हेंच खरें.

(५) भुक्ति आणि मौन

येथपर्यंत कागदाचा जय झाला. कोणी येथेंच निर्णयपत्र मिटून ठेवतात व आनंद मानतात. पुढचा परिच्छेद मात्र कठोर आहे.

पेशवाई १८१८ त बुडाली व त्या भागांत मराठ्यांच्या जागीं इंग्रज आले. त्यांना या गांवांत फिरंगी बसलेले व तेथील सर्व कारभार एकट्यानें चालवीत असलेले आढळले. इंग्रजांनीं जें होतें तें तसेंच राहूं दिलें. फिरंगी स्वतःस तेथील राजे म्हणवीत. इंग्रजांनीं मराठ्यांचे वारस म्हणून आपला हक्क सांगितला नाहीं. फिरंग्यांचा हक्क शब्दानें मान्यहि केला नाहीं. फक्त त्यास कधीं हरकत घेतली नाहीं. म्हणून, न्यायालय म्हणतें, इंग्रजांनीं कृतीनें व गर्भितार्थानें आणि त्यांच्यामागून स्वतंत्र हिंदुस्थानानें मुकाट्यानें पोर्तुगालचें सार्वभौमत्व मान्य केलें. सरंजामी गांव अशा रीतीनें परदेशी मुलूख झाले.

धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला येथें याज्ञवल्क्याचा व्यवहाराध्याय आठवल्यावांचून राहत नाहीं. लेख, भुक्ति व साक्षी हीं तीन प्रमाणें तो सांगतो. भोगापेक्षां आगम, म्हणजे हक्काचें मूळ, बलवान्. परंतु पूर्वजांपासून क्रमानें आलेला भोग असेल, तर तो अपवाद. आणि थोडीहि भुक्ति नसेल, तर नुसत्या आगमालाहि बळ नाहीं. डोळ्यांदेखत दुसरा भूमि भोगीत असतां जो बोलत नाहीं, त्याची हानि वीस वर्षांत होते, असेंहि तो सांगतो. १८१८ पासून १९५४ पर्यंत १३६ वर्षें होतात. स्मृतीच्या वीस वर्षांची मर्यादा सहा वेळां ओलांडून वर सोळा वर्षें उरतात. या हिशेबानें पाहिलें तर हेगचा निकाल आपल्या शास्त्राच्याहि विरुद्ध नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटेल.

परंतु शास्त्र येथें थांबत नाहीं. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत या वचनाचा अर्थ करतांना, हानि व्हावयाची ती भूमीची नव्हे, तिच्या फलाची, असें ठरविलें आहे. शिवाय याज्ञवल्क्यानेंच कांहीं वस्तु या नियमांतून वगळल्या आहेत. त्यांत गहाण आहे, ठेव आहे, सीमा आहे, आणि राजाचें धनहि आहे. गहाण व ठेव यांचें वर्म असें कीं, तेथें दुसऱ्याचा ताबा मालकाच्याच संमतीनें सुरू झालेला असतो. असा ताबा कितीहि लांबला, तरी त्यानें मालकी उत्पन्न होत नाहीं. सरंजाम हा याच जातीचा ताबा नव्हे काय? ज्याचा आगम ज्ञात आहे व तो आगम सरंजामाचा आहे, त्याचा भोग सरंजामाचाच भोग समजला पाहिजे, जोंपर्यंत त्यानें उघडपणें दुसरा हक्क सांगितला व देणारानें तो ऐकून घेतला, असें दिसत नाहीं.

(६) निर्णयांतील उणीव

माझा न्यायालयावरील आक्षेप येथें आहे. सरंजामाचें राज्य केव्हां झालें? कोणत्या वर्षीं, कोणत्या कृतीनें? निर्णयांत याचें उत्तर नाहीं. १७७९ ते १७८५ या सहा वर्षांतील कागदांचा अर्थ जितक्या बारकाईनें लावला, तितक्या बारकाईनें पुढील सव्वाशें वर्षांचा लावला नाहीं. 'फिरंगी स्वतःस राजे म्हणवीत' हें एक वाक्य. परंतु तें त्यांनीं कोणापुढें म्हटलें व ऐकणारानें काय केलें, यावरच तर सर्व अवलंबून आहे. निष्कर्ष चुकीचा आहे, असें मी म्हणत नाहीं. सर्व कारभार इतक्या दीर्घकाळ एकहाती चालला असतां व शेजाऱ्यानें तो मुलूख परदेश समजून व्यवहार केला असतां, निराळा निकाल देणें कोणासहि कठीण होतें. माझें म्हणणें एवढेंच कीं, ही पायरी सिद्ध करून दाखवावयास हवी होती. ती गृहीत धरल्यासारखी आली आहे.

परंतु न्यायालयाला दोष देण्यापूर्वीं आपण इंग्रजांच्या व आपल्या स्वतःच्या वर्तनाकडे पाहिलें पाहिजे. ज्या सरकारनें १८५२ च्या कायद्यानें दक्षिणेंत इनाम कमिशनची वरवंट फिरविली, घरोघरच्या सनदा मागविल्या, शिक्का बघितला, तारीख बघितली, आणि पुरावा अपुरा म्हणून शेंकडों घराण्यांचीं उत्पन्नें बुडविलीं, त्या सरकारनें दमणाच्या पाठीमागील या सरंजामदाराचा हक्क कधीं वादांत आणला नाहीं. गरीब इनामदाराची सनद तपासावयाची व तोफा असणाराची तपासावयाची नाहीं, हा न्याय राजकारणाचा असेल. परंतु त्याची किंमत पुढच्यांना द्यावी लागली.

याचें एक कारण मला सरंजामाच्या रचनेंतच दिसतें. सरंजामदार मरतो, वारस येतो, नवी सनद, नवी नजर, नवी नोंद होते, आणि दर वेळीं देणाराचा हक्क कागदावर पुन्हा ताजा होतो. येथें सरंजाम घेणारें एक राज्य होतें. राज्य मरत नाहीं, त्याला वारस लागत नाहीं. म्हणून नव्या सनदेचा प्रसंगच आला नाहीं. जी देणगी पिढीपिढीला तपासली जावी म्हणून निर्माण झाली, ती अमर हातांत पडल्यानें कधींच तपासली गेली नाहीं.

स्वातंत्र्यानंतरहि हें ध्यानांत आल्याचें दिसत नाहीं. १९५० च्या फेब्रुवारींत हिंदुस्थान सरकारनें पोर्तुगालकडे मागणी केली ती, या देशांतील पोर्तुगीज वसाहतींच्या भवितव्याविषयीं बोलणीं सुरू करावींत, अशी. मागणी न्याय्य होती व पोर्तुगालनें ती झिडकारली. परंतु 'वसाहतींचें भवितव्य' असा प्रश्न घातला म्हणजे त्या वसाहती आहेत हें आधीं मान्य होतें. गोवा व दमण यांस तो शब्द लागू होता. नगरहवेलीस पेशव्यांच्या सनदेनें दुसरा शब्द दिलेला होता. १९५२ त मुंबई सरकारनें नियम करून राजकीय स्वरूपाचे सरंजाम व जहागिरी परत घेतल्या. पेशव्यांच्या सरदारांच्या वंशजांचे सरंजाम त्यांत गेले. फिरंग्यांचा सरंजाम कोणाच्या यादींतच नव्हता. आगम आपल्या दफ्तरांत पडून होता; त्याचा उच्चार वेळेवर झाला नाहीं. अब्रुवत् राहणाराची जी हानि स्मृति सांगते, ती येथें अक्षरशः झाली.

(७) एका पत्राची किंमत

मौनानें जसें एका पक्षाचें नुकसान केलें, तसें एका सौजन्याच्या पत्रानें दुसऱ्याचें केलें. वाटेच्या हक्काचा विचार करतांना न्यायालयानें दोन भाग पाडले. खासगी माणसें, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांची जा-ये इंग्रजी अमलांत व नंतर बेरोकटोक चालत आली होती. शेजारी सत्ता तिचें नियमन करी, परंतु ती हक्काची म्हणून चाले. शस्त्रधारी फौज, शस्त्रधारी पोलीस व दारूगोळा यांची गोष्ट निराळी. इंग्रज व पोर्तुगीज यांच्यामधील १८७८ च्या तहाच्या अठराव्या कलमानें एकाच्या सशस्त्र दलानें दुसऱ्याच्या हद्दींत मागणीवांचून येऊं नये, असें ठरलें होतें. १८९० त मुंबई सरकारनें तक्रार केली कीं, पोर्तुगीज सरकारचे शस्त्रधारी लोक परवानगीवांचून आमच्या हद्दींतून जातात. गोव्याच्या गव्हर्नर-जनरलाकडून उत्तर आलें तें असें कीं, आमची फौज पूर्वपरवानगीवांचून कधींच जात नाहीं, हा शतकांचा परिपाठ आहे.

तक्रार मिटविण्यासाठीं लिहिलेलें हें उत्तर सत्तर वर्षांनीं हेगच्या मेजावर आलें, आणि पोर्तुगालच्या सशस्त्र वाटेच्या हक्काचा त्यानें अंत केला. जो दर खेपेस परवानगी मागतो, तो वाट आपली नाहीं हें दर खेपेस कबूल करतो. पुढें पोलिसांसाठीं १९१३, १९२० व १९४० मध्यें जे ठराव झाले, त्यांतहि संमति व पूर्वसूचना यांचीच भाषा आहे. दहा माणसांपर्यंतच्या पोलीस तुकडीनें गेल्यावर चोवीस तासांत कळवावें व त्याहून मोठी तुकडी असल्यास आधीं संमति घ्यावी, असा १९४० चा ठराव होता. इतका बारीक हिशेब जेथें कागदावर झाला, तेथें परंपरागत हक्काला जागा उरली नाहीं.

म्हणून निकाल त्रिविध झाला. अकरा विरुद्ध चार मतांनीं, १९५४ सालीं मुलकी जा-येचा हक्क पोर्तुगालला होता. आठ विरुद्ध सात मतांनीं, सशस्त्र जा-येचा नव्हता. आणि नऊ विरुद्ध सहा मतांनीं, त्या वर्षीं हिंदुस्थानानें वाट बंद केली ती आपल्या नियमनाच्या अधिकारांत केली, कर्तव्याचा भंग केला नाहीं. जुलै १९५४ त दादरा व ऑगस्टच्या आरंभीं सिल्वासा स्वातंत्र्यवाद्यांच्या हातीं गेलें होतें. अशा क्षुब्ध वेळीं वाट आवरण्याची मुभा शेजाऱ्यास असते, असें न्यायालयाचें मत पडलें. हिंदुस्थानच्या बाजूनें नेमलेले न्यायाधीश छगला यांनीं भिन्नमतपत्रिका जोडली. पोर्तुगालला हक्क मिळाला, पण त्या हक्कानें पाऊल टाकावयास मिळालें नाहीं. हिंदुस्थानला वाट बंद ठेवतां आली, पण सनदेच्या जोरावर नव्हे.

पुढील कथा थोडक्यांत अशी. ता. ११ ऑगस्ट १९६१ पासून हे मुलूख हिंदुस्थानांत समाविष्ट झाले, डिसेंबर १९६१ त गोवा, दमण व दीव मुक्त झाले, ता. ३१ डिसेंबर १९७४ च्या तहानें पोर्तुगालनें हें सर्व मान्य केलें, आणि ता. २६ जानेवारी २०२० पासून दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. ज्या वाटेसाठीं एवढा वाद झाला, तिचीं दोन्ही टोकें आज एका कचेरीखालीं आहेत.

(८) संग्राहकांस विनंति

आतां या सर्वांचा आपल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा. या वादांत उभय पक्षांच्या साक्षीचा एक पाठ असता, तर पाठभेदांचा खल झालाच नसता. आपल्यापैकीं अनेकांपाशीं सनदा, करारांच्या नकला, यादी, आज्ञापत्रें आहेत. त्यांपैकीं कोणता कागद उद्यां कोणत्या न्यायासनापुढें बोलावला जाईल, हें आज सांगतां येत नाहीं. म्हणून कागद मिळाला कीं, तो कोणाच्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या जोडीस होता, हें आधीं लिहून ठेवावें. रुमाल फोडून एकेक कागद वेगळा विकूं नये. शिक्का, मोर्तब, सुरूसूद, बार, पाठीवरील शेरे यांची नोंद मजकुराइतकीच काळजीनें घ्यावी. नक्कल असेल तर ती नक्कल आहे, असें स्पष्ट म्हणावें. आणि महसुली शब्दाचें भाषांतर करूं नये. सरंजामाला सरंजामच म्हणावें. मीं एकदां त्याला बक्षीस म्हटलें होतें. माझ्या त्या चुकीनें एका घराण्याचा सारांश बिघडला असता. तीच चूक दरबारांच्या दुभाष्यांकडून झाली, म्हणजे मुलूख जातो.

परंतु याहून मोठी गोष्ट ही कीं, कागद जपणें पुरेसें नाहीं, तो वेळेवर बोलता केला पाहिजे. नगरहवेलीचा आगम दफ्तरांत सुरक्षित होता. वाळवीनें तो खाल्ला नाहीं, पावसानें भिजविला नाहीं. तो १९६० त न्यायालयापुढें गेला व खरा ठरला. उशीर झाला होता एवढेंच. संशोधक जो कागद वाचून प्रसिद्ध करतो, तो एका अर्थीं मालकाच्या वतीनें बोलतो, मौन मोडतो. ही जबाबदारी आपण ओळखली, तर बारा हजारांच्या या सरंजामाचा इतिहास आपण व्यर्थ वाचला नाहीं, असें होईल. सरंजामाचें सार्वभौमत्व नेमकें केव्हां झालें, या प्रश्नावर इंग्रजी अमदानींतील कागद ज्यांच्या पाहण्यांत आले असतील, त्यांनीं ते प्रसिद्ध करावे व माझें म्हणणें चुकत असल्यास दुरुस्त करावें, अशी विनंति आहे.